‘गॉड ऑफ वॉर ३’: पॅरी लागत नसेल तर आधी टीव्ही तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ‘गॉड ऑफ वॉर’ ह्या व्हिडिओ गेमचे पहिले दोन भाग तुम्ही जुन्या डबा टीव्हीवर, हार्ड मोडमध्ये संपवलेत. आता नवा मोठा फोर-के टीव्ही घेतला, पीएस फोर ह्या गेम कन्सोलवर ‘गॉड ऑफ वॉर ३ रीमास्टर्ड’ (तिसऱ्या भागाची सुधारून काढलेली आवृत्ती) लावला, तर पॅरी, म्हणजे शत्रूचा घाव नेमक्या क्षणी परतवणं, काही केल्या लागत नाही. ऑलिंपसमधल्या त्या वाद्याच्या कोड्यात तर सगळाच ताल चुकतोय. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘वय झालं बहुतेक, हात मंदावले.’ तुमचे हात ठीक आहेत हो. मीही अगदी ह्याच दोन ठिकाणी अडकलो होतो आणि हाच निष्कर्ष काढून गेम बाजूला ठेवणार होतो.

कॉम्बो (सलग वारांच्या जोड्या) कोणते, लाल ऑर्ब (शस्त्रं वाढवायला मिळणारे गोळे) कशावर खर्च करायचे, हे सांगत बसत नाही. दोन भाग संपवलेल्या माणसाला ते कळतंच.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला लगेच खटकली. तुम्ही म्हणता, क्यूटीई (पडद्यावर खूण येईल ते बटण दाबायचे प्रसंग) व्यवस्थित होतात, पहिल्या मोठ्या शत्रूला, पोसायडनला, सहज संपवला, सर्कलचं बटण बडवायच्या जागाही पार होतात. म्हणजे जिथे वेळेची थोडी सवलत आहे किंवा नुसतं बटण बडवायचंय, तिथे काहीच अडत नाही. अडतंय ते फक्त क्षण साधायचा असतो तिथे. कंट्रोलर खराब असता किंवा हात मंदावले असते, तर सगळीकडेच थोडं थोडं बिघडलं असतं. असं निवडून बिघडतंय तेव्हा संशय टीव्हीवर घ्यायचा.

आताचे टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवत नाहीत. आधी ते गुळगुळीत करतात, धार वाढवतात, मधल्या फ्रेम (एकेक स्थिर चित्रं) स्वतः तयार करून घालतात. ह्या सगळ्याला वेळ लागतो आणि तो १०० मिलिसेकंदांच्या वरही जाऊ शकतो. रीमास्टर्ड आवृत्ती सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने चालते, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून पॅरीचं एल-वन बटण दाबताय. गोल्डन फ्लीसची (गेममध्ये पॅरीसाठी असलेल्या सोनेरी कातड्याची) पॅरी घाव अंगाला लागायच्या क्षणी दाबावी लागते. तुम्हाला घाव येताना दिसतो तोवर गेममध्ये तो पडून गेलेला असतो. घाबरून लवकर दाबलंत तर नुसता ब्लॉक होतो. २००५ आणि २००७ चे भाग पीएस टूवर, डबा टीव्हीवर खेळलात तेव्हा हा प्रकारच नव्हता, कारण तो टीव्ही सिग्नल आला की तसाच पडद्यावर टाकायचा.

आता खरं दुखणं. टीव्ही वॉरंटीत होता, म्हणून मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. (नाव लिहीत नाही, विचारूही नका.) ‘बटण दाबल्यावर पडद्यावर उशिरा दिसतं’ एवढं साधं वाक्य नोंदवून घ्यायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता. तक्रार नोंदली गेली ती ‘पिक्चर क्वालिटी’ म्हणून. घरी आलेल्या माणसाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, धबधब्याचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला, ‘बघा, किती क्लिअर आहे! तुमचा गेमचा रिमोट गेलाय, नवीन घ्या.’ मी टीव्हीतल्या गेम मोडबद्दल (चित्रावरची ही प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारी सेटिंग) विचारलं तर म्हणाला, तो फक्त रंग बदलायला असतो. वर जाता जाता ‘तुम्हाला चांगलं सेट करून देतो’ म्हणत सगळ्या सेटिंग रीसेट करून भडक रंगांचा व्हिव्हिड मोड लावून गेला. म्हणजे उशीर आणखी वाढवून ठेवला. त्याच्या शब्दावर नवा कंट्रोलर आणला, त्याचे पैसे गेले. संध्याकाळी एसएमएस आला: तक्रार बंद, ग्राहक समाधानी. परत फोन केला की परत तोच पेन ड्राइव्ह. मला राग पैशांचा नाही येत एवढा. रोज टीव्हीत हात घालणाऱ्या माणसाने समोरच्याचं नीट न ऐकता दोष त्याच्या हातावर ढकलावा आणि समोरच्याला ते खरं वाटावं, ह्याचा येतो. तुम्हालाही कुणी ‘कंट्रोलर बदला’ म्हणालंय ना? थांबा, एक रुपया घालवू नका.

आधी हे करून बघा. पीएस फोर ज्या एचडीएमआय पोर्टला जोडलाय, त्या पोर्टवर असताना टीव्हीच्या मेन्यूत जाऊन गेम मोड चालू करा. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग पोर्टनुसार वेगळी असते. वायर दुसऱ्या भोकात घातली की पुन्हा करावी लागते. मोशन स्मूदिंगचं (त्या मधल्या फ्रेम घालायच्या सोयीचं) जे काही गोंडस नाव तुमच्या कंपनीने ठेवलंय ते बंद. नॉइज रिडक्शनही बंद. पीएस फाइव्ह असता तर टीव्हीला आपोआप गेम मोडमध्ये टाकायची सोय मिळाली असती, पीएस फोरला ती नाही, म्हणून हाताने करायचं. रंग सुरुवातीला फिके वाटतील, दोन दिवसांत डोळ्याला सवय होते.

खात्री करायची तर मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ वापरा. अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन टेका, सेकंदाला २४० फ्रेमवर रेकॉर्ड करा, उडी मारा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत अंगठा खाली गेल्यापासून गेमचा नायक क्रेटॉस हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. गेमचा आणि कन्सोलचा स्वतःचा थोडा उशीर त्यात असतोच, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. गेम मोड बंद आणि चालू असं दोनदा करून फरक बघा. घरात कॉम्प्युटरचा एचडीएमआयवाला मॉनिटर असेल तर त्यालाही जोडून बघा. मी हेच केलं आणि मॉनिटरवर पहिल्या झटक्यात पॅरी लागली.

वाद्याच्या कोड्यासाठी वेगळं सांगतो. ब्लूटूथ साउंडबार असेल तर तेवढ्यापुरता काढून टीव्हीच्या स्पीकरवर या. ब्लूटूथवर आवाजही मागे पडतो आणि मग कान एक सांगतात, डोळे दुसरंच.

क्यूटीई जमतात म्हणालात, तरी एक. ह्या भागात बटणाची खूण पडद्याच्या कडेला येते: ट्रँगल वर, क्रॉस खाली, स्क्वेअर डावीकडे, सर्कल उजवीकडे, कंट्रोलरवर जसं असतं तसंच. चिन्ह वाचत बसू नका, कुठल्या कडेला चमकलं तेवढं टिपा आणि नजर मध्ये ठेवा. हेलिओस, हर्मीस, हर्क्युलिस ह्या शत्रूंचे शेवट डोळे भरून बघण्यासारखे केलेत, ते कडेच्या चिन्हांपायी घालवू नका. (घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर खेळा, हे मनापासून सांगतोय.)

काही जण म्हणतील, २०१० ची मूळ पीएस थ्री आवृत्तीच खरी. माझं मत वेगळं आहे. तिथे फ्रेमरेट सतत वरखाली व्हायचा, पॅरीला रीमास्टर्डच बरी. ज्याला जे आवडेल ते.

मी टीव्हीचा तंत्रज्ञ नाही, प्रत्येक मॉडेलचा मेन्यू वेगळा असतो आणि क्वचित खरंच कंट्रोलरचं बटण गेलेलं असतं. गेम मोड लावूनही फरक पडला नाही तर टीव्हीचा मॉडेल नंबर आणि कुठला पोर्ट वापरताय ते इथे लिहा, मेन्यूत कुठे काय आहे ते शोधून सांगतो. झ्यूसपर्यंत पोचायच्या आत खालच्या प्रतिक्रिया मात्र वाचू नका, शेवट फोडणारे तिथे बरेच आहेत.