पतसंस्थेतले जुने लोक नव्या प्रणालीला साथ देत नाहीत. नवा व्यवस्थापक म्हणून हा बदल कसा पार पाडावा?

तुम्ही लिहिलंय, की तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत तुम्ही नुकतेच व्यवस्थापक झालात, संचालक मंडळाने कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक प्रणालीवर) आणि मोबाइल ॲप आणायचं ठरवलंय, पण वरिष्ठ क्लार्क आणि पिग्मी एजंट (दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारे) हातच लावायला तयार नाहीत. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. हातखतावणीवरून संगणकावर जाणं आणि नंतर २०१९चा महापूर, दोन्ही त्या खुर्चीत बसून पाहिलं.

सुरुवात प्रशिक्षणाने करू नका. नव्या प्रणालीचे फायदे त्यांना कळतात. आपलं काय जाणार हेही कळतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून माणसं अडून बसतात. कुणाचं काय जातंय, ते आधी एकेकाशी बसून काढा.

पिग्मी एजंटाचं घ्या. दुकानदार उद्या ॲपवरून परस्पर भरणा करू लागला, तर त्याचं कमिशन बुडालं. हे तो बोलेल. दुसरं बोलणार नाही: आज गोळा केलेली रक्कम उद्या-परवा भरायची काहींना सवय असते, तेवढ्यात ते पैसे घरात फिरतात. एजंटाच्या हातातल्या नव्या मशीनवर पावती निघताच खातेदाराला मेसेज गेला, की ही सोय संपते. म्हणून दोन कामं आधी उरका. एजंटाने जोडलेल्या खात्यात भरणा कुठूनही येवो, ठरावीक मुदतीपर्यंत कमिशन त्यालाच, असा मंडळाचा लेखी ठराव घ्या. तोंडी शब्दावर तो विसंबणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मग प्रत्येक एजंटाबरोबर स्वतः बाजारात फिरून दुकानदारांकडची भरण्याच्या नोंदीची कार्डं आपल्या खात्यांशी ताडून घ्या. फरक असेल तर तो प्रणाली सुरू व्हायच्या आत भरून घ्यायचा.

वरिष्ठ क्लार्कचं दुखणं वेगळं असतं. वर्षानुवर्षं खातेदार त्यालाच विचारत आले, उद्या कालचा पोरगा स्क्रीनवर बघून सांगणार. त्याला बाजूला बसवू नका, तेरीज, म्हणजे दिवसअखेरची सगळ्या खात्यांची बेरीज, जुळवायचं काम त्याच्याच हाती द्या. किमान तीन महिने जुनी आणि नवी पद्धत जोडीने चालवायची, रोज संध्याकाळी दोन्हीकडची तेरीज जुळली की त्याची सही, मगच कुलूप. फरक सस्पेन्सला, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला, टाकून मोकळं व्हायची परवानगी कुणालाही देऊ नका. चुकीचं वारसनाव, एकाच माणसाची दोन खाती, राहून गेलेलं व्याज हे त्याच्याइतकं कुणाला सापडत नाही. मात्र जोडीने चालवायची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. नाहीतर रजिस्टर सुटत नाही आणि माणसं दुप्पट कामाने वैतागतात.

तारखेचाही विचार करा. मार्चअखेर नको, दिवाळीच्या तोंडावर नको. ३० सप्टेंबरचं सहामाही व्याज दोन्हीकडे काढून ताडा. पितृपक्ष त्याच्या आगेमागे येतो आणि काउंटरला गर्दी कमी असते, साठलेले फरक तेव्हा मिटवा आणि दसऱ्याला पूर्ण नव्यावर जा. मुहूर्त असला की संचालकही उत्साहाने येतात.

आपल्या भागात हे नवं नाही. किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा त्याने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे तो खपवायला गावोगाव हिंडणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. ॲप पहिल्यांदा कुणाच्या मोबाइलवर चालू करायचं, हे यावरून ठरवा. बाजारपेठेत ज्याच्या शब्दाला मान आहे, असा खातेदार शोधा.

आता महापुराबद्दल. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. हरभट रोड, मारुती चौक पाण्यात. आमच्या शाखेत रजिस्टरांचा लगदा झाला. पाणी उतरताच बातमी पसरली, की कागद गेले म्हणजे ठेवी गेल्या. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकांच्या ठेवींना असतं, पतसंस्थेच्या ठेवींना नाही, त्यामुळे ही भीती आमच्या खातेदारांना जास्तच. मिरजेच्या शाखेत रोजचा बॅकअप होता. चिखल काढायच्या आधी दारात टेबल टाकलं, चेअरमन स्वतः बसले, आणि येईल त्याला त्या बॅकअपवरून काढलेल्या यादीतली शिल्लक दाखवून पासबुकावर सही-शिक्का देत गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक गुंडाळून आलेली एक म्हातारी आकडा दोनदा वाचून घेऊन, पैसे न काढताच परत गेली. काय बोलायचं ते फक्त चेअरमन आणि मी बोलायचं, बाकीच्यांनी खातेदाराला आमच्याकडे आणायचं, असं ठरवून घेतलं होतं. तुमच्याकडे सर्व्हर दोन दिवस बंद पडला तरी हेच करावं लागेल, तेव्हा बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा आणि महिन्यातून एकदा तो उघडून पाहा.

सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात एक कलम हवंच: डेटा संस्थेच्या मालकीचा, मागाल तेव्हा सगळा वाचता येईल असा परत मिळेल. सही व्हायच्या आधी वकिलाकडून ते तपासून घ्या. एजंटांच्या कमिशनचं सध्या काय ठरलंय ते कळवलंत, तर ठरावाचा मसुदा इथेच लिहून देतो.