नॉर्वेजियन मंडळाच्या ख्रिसमस जेवणाला बोलावलंय, आम्ही शाकाहारी आहोत, जावं का? तिथे नक्की काय असतं?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात नुकतेच आलात, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांनी त्यांच्या सन्स ऑफ नॉर्वे या नॉर्वेजियन मंडळाच्या लॉजमधल्या (म्हणजे शाखेतल्या) ख्रिसमसच्या जेवणाला तुम्हा सगळ्यांना बोलावलंय, घरात मासे-मटण चालत नाही, आणि सगळी त्यांचीच माणसं असतील तर आपण तिथे उपरे वाटू का अशी धाकधूक आहे. मी सरळ सांगते, नक्की जा, मुलांना घेऊन जा, आणि जमलं तर त्या जेवणाच्या आधी त्यांचा लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, करायचा दिवस असतो त्याला जा, कारण खरी मजा तिथे आहे, जेवणाच्या दिवशी नाही.

आम्ही ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, बाजूला बरीच वर्षं राहतोय, शेजारच्या आजी लॉजच्या जुन्या मेंबर, त्यांच्यामुळे आमचं तिथे जाणं-येणं सुरू झालं आणि आता डिसेंबर आला की आम्हालाच चुकल्यासारखं होतं. प्रत्येक गावाची आपापली लॉज असते. मेंबर व्हायला नॉर्वेजियन रक्त लागत नाही, त्यांच्या संस्कृतीची आवड असली तरी चालतं, त्यामुळे उपरं वाटण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे तिथे कुणाशी बोलायला विषय मिळेल. १८२५ साली ४ जुलैला नॉर्वेतल्या स्टावांगरहून रेस्टोरेशन नावाचं एक छोटंसं गलबत निघालं, ५२ माणसं घेऊन, वाटेत एक बाळ जन्मलं, आणि ९ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला लागलं. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन इकडे आले, कारण तिकडे डोंगर आणि समुद्राच्या मधे कसायला जमीन थोडी आणि खाणारी तोंडं वाढलेली, आणि इकडे विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा, डकोटा भागात जमीन मिळत होती. सन्स ऑफ नॉर्वे १८९५ मध्ये मिनियापोलिसला १८ जणांनी सुरू केली आणि ती नाच-गाण्यासाठी नव्हती बरं का, घरातला कमावता माणूस आजारी पडला किंवा गेला तर कुटुंबाच्या हातात काहीतरी पैसे यावेत म्हणून होती. १८९३ च्या मंदीनंतरचा काळ तो, परक्या देशात मागे कोणी नाही, मग आपणच एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं. विम्याचं काम ती संस्था आजही करते. सण, भाषा, नाच, भरतकाम हे सगळं त्या आधाराच्या भोवती हळूहळू जमत गेलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण मंडळ म्हटलं की आधी कार्यक्रम आठवतो.

आता भाषेचं. त्यांच्यात गेल्यावर लक्षात येईल की बहुतेकांना नॉर्वेजियन बोलता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजी सोडून दुसरं काही बोलणाऱ्यांकडे संशयाने बघायचे, शेजारच्या आयोवात तर १९१८ मध्ये गव्हर्नरने चारचौघांत, शाळेत, चर्चमध्ये, फोनवरसुद्धा परकी भाषा बोलायला बंदी घातली होती. अशात चर्चेसमधली नॉर्वेजियन भाषा भराभर मागे पडली, पुढच्या पिढीला घरात शिकवणंही थांबलं. मिनियापोलिसचं मिंडेकिर्केन हे चर्च १९२२ मध्ये नॉर्वेजियनमधून प्रार्थना टिकवायची म्हणूनच सुरू झालं आणि तिथे अजूनही ती होते, पण असं ठिकाण विरळाच. शेजारच्या आजींना जेवणाआधीची नॉर्वेजियन प्रार्थना आणि थोडी गाणी तोंडपाठ आहेत, बाकी भाषा त्यांच्या आईबरोबर गेली असं त्या म्हणतात. पण लेफ्सा त्यांना डोळे मिटून येते. भाषा हातून सुटली तरी हातातलं काम सुटलं नाही, आणि ते लॉजच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून केल्यामुळे सुटलं नाही असं माझं ठाम मत आहे.

लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ मऊ पोळीच समजा. आदल्या दिवशी बटाटे उकडून रायसरमधून काढतात, रायसर म्हणजे आपला पुरणयंत्राचा किंवा शेवेच्या सोऱ्याचा चुलतभाऊ, बरेचजण दोनदा काढतात कारण एक गुठळी राहिली की लाटताना तिथेच फाटते. त्यात गरम असतानाच लोणी, क्रीम, मीठ, थोडी साखर, आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. पीठ, म्हणजे मैदा, मात्र अगदी लाटायच्या आधी मिसळायचा आणि एका वेळी थोडाच गोळा मळायचा, कारण मिसळून ठेवलं की बटाट्याला पाणी सुटतं आणि सगळं चिकट होऊन बसतं. लाटायला मोठा गोल पाट असतो त्याला कापड ताणून बसवलेलं, लाटण्याला बारीक खाचा आणि त्यावर मोज्यासारखी कापडी खोळ, आणि तवा विजेवरचा, सोळा इंची, ५०० डिग्री फॅरनहाइटवर तापवलेला. लाटलेली लेफ्सा हाताने उचलायची नाही, एक लांब चपटी पातळ लाकडी पट्टी असते ती मधोमध खालून सरकवायची, लेफ्सा तिच्यावर लोंबकळत तव्यापर्यंत न्यायची आणि कडेपासून उलगडत सोडायची. तपकिरी ठिपके आले की उलटायची, आणि काढल्यावर टॉवेलच्या घडीत झाकून ठेवायची म्हणजे वाफेने मऊ राहते.

रोज पोळ्या लाटणाऱ्या हाताला हे चटकन जमतं. तुम्हीही गेलात तर बघा, कडा पातळ ठेवायची आपली सवय त्यांना फार आवडते, मला तर थेट लाटायच्या टेबलवरच बसवलं. एका बाजूला ऐंशीच्या पुढच्या आजी, दुसऱ्या बाजूला आठ-नऊ वर्षांची नातवंडं फक्त टॉवेल उघडायच्या-झाकायच्या ड्युटीवर, कोणी बटाटे दाबतंय, कोणी पिठाचे गोळे मोजून ठेवतंय, आणि तोंडं अखंड चालू, कोणाची आजी कुठल्या गावची, कोणाकडे साखर जास्त घालतात, खाताना वर ब्राऊन शुगर की साधी यावरून दरवर्षी तीच चर्चा. शेजारच्या आजींच्या मते फक्त लोणी आणि साधी साखर, बाकी सगळं नंतरचं फॅड.

आता लुटेफिस्क, म्हणजे क्षारात भिजवलेला वाळका मासा. याचा वास हॉलमध्ये शिरल्याशिरल्या येणार, त्यामुळे मनाची तयारी ठेवा. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात, तो लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तो आधी पाण्यात भिजवायचा, मग लायमध्ये म्हणजे क्षाराच्या पाण्यात, तेव्हा तो फुगून जेलीसारखा होतो, आणि मग परत कित्येक दिवस पाणी बदलत बदलत तो क्षार काढायचा, तेव्हा कुठे शिजवायला येतो. चर्चच्या तळघरांतली लुटेफिस्कची जेवणं ऑक्टोबरपासूनच सुरू होतात, लोक तासभर गाडी चालवून येतात. नॉर्वेजियन घरातला असेल तो वितळलेलं लोणी ओततो, स्वीडिश असेल तो पांढरा सॉस, यावरून माणूस ओळखतात. गंमत म्हणजे आजच्या नॉर्वेत ख्रिसमसच्या संध्याकाळी बहुतेक घरांत डुकराच्या बरगड्या किंवा पश्चिमेकडे मेंढीच्या खारवलेल्या बरगड्या असतात, लुटेफिस्क त्या मानाने कमी. पण इकडे आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी जे सोबत आणलं ते त्यांच्या पणतवंडांनी धरून ठेवलंय, आणि ज्या प्रेमाने ते खातात ते बघून मला तरी त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

तुम्ही शाकाहारी म्हणून नीट सांगते. मासा आणि मीटबॉल्स सोडून उकडलेले बटाटे, मटार, कोबीचं सॅलड, क्रॅनबेरी आणि लेफ्सा हे बहुतेक ठिकाणी असतंच, लेफ्सेत अंडं नसतं. रोमेग्रोट असेल तर अजिबात सोडू नका, ती आंबट सायीची घट्ट खीर, वर वितळलेलं लोणी आणि दालचिनी-साखर. बिस्किटांत मात्र विचारून घ्या, क्रुमकाके आणि रोझेटमध्ये अंडं असतं आणि काही तळलेले प्रकार अजूनही डुकराच्या चरबीत तळतात, विचारल्याचा कोणाला राग येत नाही. अंडं चालत असेल तर क्रुमकाके खाच, नक्षीच्या लोखंडी साच्यात भाजून गरम असतानाच शंकूसारखी गुंडाळलेली असते आणि बऱ्याच घरच्या कृतीत वेलदोडा असतो, त्यांच्या ख्रिसमसच्या गोड पावातही असतो, त्यामुळे तो हॉल थोडा आपल्या घरासारखाच वासाचा असतो. रोझेट तर गोव्यात-मंगळुरात ख्रिसमसला रोझ कुकीज करतात तोच प्रकार, साचा पिठात बुडवून तेलात सोडायचा.

जेवणानंतर सगळे उठतात आणि झाडाभोवती हात धरून गोल करतात, माणसं जास्त असतील तर दोन गोल, मुलं आत मोठी बाहेर, आणि गाणी म्हणत फिरतात. शब्द येत नसले तरी कडेला उभं राहू नका, कोणीतरी हात धरून आत ओढेलच. झाडावर छोट्या नॉर्वेजियन झेंड्यांच्या माळा आणि कागदाच्या विणलेल्या हृदयाच्या टोपल्या असतात, मुलांना त्या विणायला शिकवतात. तांदळाच्या खिरीत एक बदाम लपवलेला असतो, ज्याच्या वाटीत निघेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईचं, डुक्कर बक्षीस, मुलं त्यासाठी नको असताना दुसरी वाटी घेतात. निस्सेची गोष्टही ऐकायला मिळेल, तो गोठ्यात राहणारा लाल टोपीचा बुटका, त्याला ख्रिसमसच्या रात्री लोणी घातलेली खीर ठेवली नाही तर वर्षभर गुरांना त्रास देतो.

प्रार्थना होईल, छोटीशी, तेव्हा शांत उभं राहायचं एवढंच. लॉज म्हणजे चर्च नाही, धर्मावरून कोणी काही विचारत नाही, उलट आपल्या दिवाळीबद्दल खोदून खोदून विचारतात.

हे सगळं बघून मी आमच्या मराठी मंडळात मागे लागून दिवाळीच्या आधी करंज्यांचा दिवस सुरू करायला लावला. आधी विकतचा फराळ आणि स्टेजवर डान्स असं असायचं, ते अजूनही असतं, पण आता एक दिवस हॉलच्या किचनमध्ये सगळे बसतो, ज्या मुलांना मराठीत धड दोन वाक्यं येत नाहीत ती कातण फिरवायला भांडतात आणि सारण, पारी, मोहन हे शब्द आपोआप तोंडात येतात.

तुमच्यासाठी शेवटचं, तिकीट किंवा नावनोंदणी आधी करा कारण मासा माणसं मोजून मागवतात, शाकाहारी आहोत हे तेव्हाच सांगा. हात हलवत जायचं नसेल तर बेसनाचे लाडू न्या, वेलदोडा घातलेले, डिशवर अंडं नाही आणि नट्स आहेत की नाही याची चिठ्ठी लावा. भेटल्यावर ‘गू यूल’, म्हणजे ख्रिसमसच्या शुभेच्छा, म्हणा आणि जेवून उठताना ‘ताक फॉर मातेन’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, स्वयंपाकघरातल्या आज्यांना आत जाऊन सांगा. आणि लेफ्सा करायचा दिवस कधी आहे ते त्या कलीगना आजच विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी तो नोव्हेंबरमध्येच उरकतो.