आत्याच्या हळदीची कॅसेट

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या फिल्मचा कच्चा कट पाहिला. आजोबांच्या मुलाखतीवर आत्याच्या हळदीचं फुटेज तू तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून पेरलंयस. ते सगळे काढ. त्या कॅसेटमध्ये एक सलग शॉट आहे. कॅमेरावाला मांडवाबाहेर येतो, घणसोलीच्या भातखाचरांवरून कॅमेरा खाडीकडे फिरवतो, आणि मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, नवरीकडे घे!" हा शॉट अख्खा ठेव. त्यावर निवेदन नको, संगीत तर नकोच. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, हे आजोबा सांगतातच. गेलं काय, ते या शॉटमध्ये दिसतं.

आजच्या रुंद पडद्यासाठी चित्र १६:९ करायला तू ताणलंयस, आत्या आहे त्याहून रुंद दिसते. कॅसेटचं मूळ ४:३ च ठेव, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत.

सातबाऱ्याचा स्कॅनही काढ. आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो उतारा काढतात, घडीवर फाटू नये म्हणून तळहातावर धरून उलगडतात. मला तो हात हवा.

कॅसेटच्या बऱ्याच भागावर फिल्मी गाणं चढवलेलं आहे. पैसे देऊन करून घेतलेल्या शूटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे असतो, गाण्याचा नाही. म्हणून एडिट न केलेली मूळ कॅसेट शोध. नातेवाइकांच्या माळ्यांवर बघ. तिच्यावर धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बाईने म्हटलेली गाणी, असतील, आणि तसं असेल तर तुझ्या फिल्मचा आवाज तोच. मात्र टेपच्या कडेला पांढरट पूड दिसली तर ती बुरशी. व्हीसीआरमध्ये घालू नकोस. टेप खराब होईल, व्हीसीआरचं टेप वाचणारं हेडही, आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. आधी साफ करून घ्यायची.

या सगळ्याच्या आधी एक काम कर. आत्याला फुटेज दाखव. एकटीला, घरच्यांच्या गर्दीत नाही. त्या लग्नाबद्दल ती कधीच बोलत नाही, असं तूच लिहिलंयस. मग तिचा नवरी झालेला चेहरा तिला न विचारता पडद्यावर लावायचा हक्क तुला कुणी दिला? आजोबांची परवानगी तिला लागू होत नाही. ती नको म्हणाली तर तिचे शॉट गेले, खाचरांचा राहील. पाहताना ती बोलू लागली, तर रेकॉर्डर सुरू करण्याआधी पुन्हा विचार.

ती काय म्हणते ते कळव, मग पुढच्या कटला बसू.