हजेरीपटावर सही केली, म्हणजे संमती दिली का?

प्रश्न : आम्ही पूर्व उपनगरातल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतो. घरचे पुरुष डोल (खुंटांना बांधायचं जाळं) लावतात, आम्ही बायका चिंबोऱ्या, निवट्या, कोलीम विकतो. गेल्या महिन्यात फ्लेमिंगो अभयारण्याच्या कामासाठी 'स्थानिकांची सभा' असल्याचा कागद मच्छीमार संस्थेच्या फळ्यावर लागला. आम्ही बावीस जणी गेलो. पडद्यावर सगळं इंग्रजीत दाखवलं. मी जाळ्यांचं विचारायला उठले, तर वेळ संपली म्हणाले. आत जाताना सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आता गल्लीत बोलतात की त्याच सह्या संमती म्हणून दाखवणार. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा आहे. अमेरिकेतला माझा भाचा म्हणतो, तिकडे वन्यजीव खात्याच्या सभेत कुणीही उठून बोलू शकतं, इथेही तसा नियम असेलच. खरं काय? आणि या सभेला जावं की नाही?

उत्तर : ताई, सभेला जाच. का, ते पुढे येईल. आधी सहीचं बोलू, कारण त्यामुळे तुम्हा बावीस जणींची झोप उडाली आहे.

हजेरीची सही ही हजेरीचीच असते. माणूस त्या वेळी त्या खोलीत होता, एवढंच ती सांगते. कशाला संमती द्यायची तेच ज्याला सांगितलं नाही, त्याची संमती घेतली असं कायद्यात म्हणता येत नाही. आपल्या करार कायद्यात संमतीची व्याख्या आहे : दोन्ही बाजूंनी तीच गोष्ट त्याच अर्थाने मान्य केलेली असली पाहिजे. सभा म्हणजे करार नव्हे, पण संमती कशाला म्हणायचं ते या व्याख्येवरून कळतं. जे तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत पडद्यावरून सरकलं, ते तुम्ही मान्य केलं असं म्हणणं टिकणार नाही.

तरीही मी तुम्हाला निर्धास्त राहा असं सांगत नाही. तुम्ही पाठवलेला हजेरीपटाचा फोटो मी मोठा करून पाहिला. अनुक्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल, सही असे रकाने आहेत, तुमच्या सह्या सात ते अठ्ठावीस क्रमांकांवर आहेत. पण कागदाचा वरचा भाग मागे दुमडलेला आहे. तिथे 'उपस्थिती' लिहिलंय, की 'खालील ग्रामस्थांना आराखडा मान्य आहे' असं काही लिहिलंय, की जागा कोरीच आहे, हे फोटोवरून कळत नाही. तुमचं सगळं प्रकरण त्या दुमडलेल्या दोन बोटांच्या पट्टीवर अडलेलं आहे. मी कुणावर आरोप करत नाही, म्हणूनच कार्यालयाचं आणि तुमच्या कोळीवाड्याचं नावही छापत नाही. बहुतेक वेळा तिथे 'उपस्थिती'च असते. पण बहुतेक वेळांवर विसंबून कुणी आपली खाडी सोडून देऊ नये.

म्हणून हे पत्र वाचलं की पहिलं काम करा. साध्या कागदावर मराठीत लिहा : 'अमुक तारखेच्या सभेत आम्ही केलेल्या सह्या केवळ हजेरीच्या आहेत. कोणत्याही आराखड्याला, निर्बंधाला वा ठरावाला आम्ही संमती दिलेली नाही. सादरीकरण इंग्रजीत असल्याने आम्हाला विषय समजला नाही व प्रश्न विचारण्यास वेळ मिळाला नाही. हे पत्र सभेच्या इतिवृत्तास जोडावे.' खाली बावीस जणींची नावं आणि सह्या. दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हणाले तर बाहेर येऊन त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. सभेला महिना होत आला आहे, पुढची सभा उजाडायच्या आत हे झालंच पाहिजे. नंतर दिलेलं पत्र 'मागाहून सुचलेलं' वाटतं.

आता भाच्याचं. तो खोटं बोलत नाही, पण तो तिकडचा कायदा सांगतोय. कॅलिफोर्नियात बॅगली-कीन नावाचा कायदा आहे. तिथल्या फिश अँड गेम कमिशनसारख्या राज्य मंडळांना त्यामुळे विषयपत्रिका सभेच्या किमान १० दिवस आधी जाहीर करावी लागते आणि लोकांना विषयांवर बोलू द्यावं लागतं. वेळेची मर्यादा घालता येते, पण तोंड बंद करता येत नाही. आपल्याकडे सगळ्या सरकारी समित्यांच्या सभा लोकांना खुल्या ठेवाव्यात असा सरसकट कायदा नाही. मला ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते, आणि तुमच्यासारखी पत्रं आली की ती जास्तच खुपते. पण आज जे आहे त्यावरच उभं राहायचं आहे.

आपल्याकडे सभा कोणत्या प्रकारची, यावर तुमचा अधिकार ठरतो. तुमच्या नोटिशीत नेमकं तेच नाही. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कलमाखाली बोलावलं, विषय काय, काहीच नाही. नुसतं 'स्थानिकांची सभा'. आणि जावक क्रमांकापुढची तारीख आठवडाभर आधीची असताना कागद फळ्यावर लागला आदल्या संध्याकाळी.

पहिली शक्यता, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या राज्य वन्यजीव मंडळाची बैठक. मुख्यमंत्री त्या मंडळाचे अध्यक्ष असतात, वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात आणि कामकाजाची पद्धत, गणपूर्ती वगैरे मंडळ स्वतःच ठरवतं. तिथे तुम्हाला आत जाऊन बोलण्याचा हक्क नाही. तुमची सभा ती नव्हती, हे उघड आहे.

दुसरी, अभयारण्याची सल्लागार समिती, त्याच कायद्याचं कलम ३३ख. इथे जरा थांबते, कारण यातली गोम मुंबईच्या लोकांच्या लक्षात येत नाही. या समितीने सल्ला द्यायच्या विषयांत अभयारण्याच्या आत आणि भोवती राहणाऱ्यांचा सहभाग हा विषय कायद्यानेच घातला आहे. समितीत कोण असावं? मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधी, त्या मतदारसंघातला आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यक विभागाचे एकेक, मानद वन्यजीव रक्षक असल्यास ते आणि अभयारण्याचे प्रभारी अधिकारी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाव होतं. मुंबईत पंचायत कुठे आहे? महापालिकेच्या हद्दीतल्या कोळीवाड्याला ग्रामसभा नाही, सरपंच नाही. म्हणजे गावकऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या तीन खुर्च्या कोळीवाड्याच्या वाट्याला आपोआप येत नाहीत. स्वयंसेवी संस्था किंवा संवर्धनातली व्यक्ती म्हणून तुमच्यातलं कुणी आत जाऊ शकतं. तुमच्या मच्छीमार संस्थेने तशी लेखी मागणी आजवर केली नसेल तर आता करावी. तिवरांची नासधूस झाली, पाण्यात तेल आलं, हे पहाटे होडीतून सगळ्यात आधी कुणाला दिसतं? संवर्धनातलं काम म्हणून हे मांडायला लाजू नका.

तिसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जवळची वाटते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२१ मध्ये त्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी राज्याने विभागीय बृहत् आराखडा, म्हणजे तिथे काय चालेल आणि काय नाही याचा आराखडा, करायचा असतो आणि तो 'स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून' असं अधिसूचनेतच असतं. तुमची सभा त्या सल्लामसलतीचा भाग असेल, तर तुम्हाला बोलावणं हे उपकार नव्हेत, ती अट आहे. इंग्रजी पडदा दाखवून, प्रश्न न घेता, सह्या घेऊन पाठवणं याला सल्लामसलत म्हणता येणार नाही, अशी माझी भूमिका आहे आणि वेळ आली तर ती न्यायालयात मांडता येण्याजोगी आहे. अडचण एवढीच की सल्लामसलत कशी करायची याचे नियम तिथे तपशिलात दिलेले नाहीत. ते पर्यावरणीय जनसुनावणीत आहेत : पर्यावरणीय परिणाम तपासण्याच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ३० दिवसांची नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, चित्रीकरण, आणि शेवटी मांडलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवणं. ती सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ ठराविक प्रकल्पांसाठी घेतं. त्यामुळे तुमच्या सभेत 'जनसुनावणीचे नियम मोडले' असं म्हणू नका, समोरचा एका वाक्यात तुम्हाला खोडून काढेल. 'जनसुनावणीत जे दिलं जातं ते इथेही द्या' असं म्हणा. फरक बारीक आहे, पण मुद्दा टिकतो.

मराठीचा आग्रह मात्र बिनधास्त धरा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ प्रमाणे राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. पुढच्या सभेआधी आराखड्याचा मराठी गोषवारा आणि नकाशा संस्थेच्या कार्यालयात ठेवावा, अशी मागणी वरच्याच पत्रात एका ओळीत टाका. नकाशावर तुमच्या डोलीचे खुंट कुठे येतात ते तुमच्या घरातल्या माणसांनी बोट ठेवून पाहिलं पाहिजे. तोवर प्रश्न कुठला विचारायचा तेच ठरत नाही.

त्यानंतर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख)(आठ) फारसं कुणी वापरत नाही. प्रत्येक कार्यालयाने आपल्या समित्यांची, मंडळांची यादी मागणीची वाट न पाहता जाहीर करायची आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं पाहायला मिळतात का, तेही सांगायचं, असं ते म्हणतं. भाच्याच्या कायद्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं कलम हेच. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून पाल्हाळ नको. विषय : अमुक तारखेची सभा. मागा : सभा कोणत्या तरतुदीखाली बोलावली त्याची टिप्पणी, विषयपत्रिका, इतिवृत्त, चित्रीकरण असल्यास त्याची प्रत, आणि हजेरीपटाची शीर्षकासह साक्षांकित प्रत. 'शीर्षकासह' हा शब्द विसरू नका. समित्यांच्या यादीसाठी वेगळा अर्ज करा. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणजे पुढच्या सभेआधी ते बहुधा येणार नाही. म्हणूनच मी हजेरीचं पत्र पहिलं सांगितलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

सभेला कसं जायचं? न जाण्याचा मोह होईल, पण बहिष्काराची नोंद 'स्थानिकांनी हरकत घेतली नाही' अशीही होऊ शकते. जा, आणि हजेरीपटावर सही करताना कागद पूर्ण उलगडून वाचा. सहीशेजारी 'फक्त हजेरी' लिहा. जागा नसेल तर सहीच्या वर लिहा. बावीस जणींनी बोलण्यापेक्षा दोघींनी बोला आणि बोलाल तेच एका पानावर लिहून अध्यक्षांच्या हातात द्या, पोच घ्या. अध्यक्ष वेळेची मर्यादा घालू शकतात, ती पाळा. मोबाईलवर चित्रीकरण करायचं असेल तर सुरुवातीलाच उघडपणे सांगा. लोकांसाठी बोलावलेल्या सभेत त्याला सरसकट मनाई करणारा कायदा नाही, पण अध्यक्षांनी थांबवलं तर हुज्जत घालू नका, 'चित्रीकरण थांबवण्यास सांगितले' एवढं लिहून द्या. घरच्या तरण्या पोरांना हे माझ्या शब्दांत सांगा : अधिकाऱ्याच्या अंगावर गेलात, हात लावलात किंवा कामात अडथळा आणलात, तर भारतीय न्याय संहितेची कलमं १३२ आणि २२१ तयार आहेत. मग चर्चा जाळ्यांची राहत नाही, जामिनाची होते. असं होताना मी पाहिलंय.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सभेत बोलणं वेगळं आणि हक्काचा दावा लावणं वेगळं. अभयारण्य करताना वन्यजीव कायद्याच्या कलम २१ खाली जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत उद्घोषणा काढतात आणि लोकांना आपले हक्क दोन महिन्यांत लेखी मांडायला सांगतात. पुढे कलम २४ खाली एखादा हक्क चालू ठेवायला ते परवानगी देऊ शकतात. सागरी हद्दीतलं पाणी अभयारण्यात घ्यायचं असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करा, असं कलम २६क सांगतं. २०१५ च्या सुमारास तुमच्या कोळीवाड्यातून कुणी दावा केला होता का? त्याचं काय झालं? संस्थेच्या जुन्या फायली उघडा, तेव्हाच्या सेक्रेटरींना विचारा. होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेलची बिलं, संस्थेची सभासद पुस्तिका, सासऱ्यांच्या वेळचे फोटो, सगळं एका पिशवीत जमवा. जे पायी पाग (फेकायचं जाळं) टाकतात किंवा चिखलात चिंबोऱ्या धरतात, त्यांच्याकडे परवाना नसतो, होडी नसते. त्यात बायका बऱ्याच असतात आणि कागदावर त्या कुठेच नसतात. त्यांची वेगळी यादी करा : नाव, वय, किती वर्षं, कुठल्या भागात, भरती-ओहोटीच्या कुठल्या वेळी. वयस्कर बायकांना आधी बसवा.

ती यादी, २०१५ चे कागद सापडले तर ते, आणि आवक शिक्का मारलेली प्रत, एवढं मला पाठवा. हजेरीपटाची पूर्ण प्रत हाती आली की दुमडलेल्या पट्टीवर काय आहे ते पाहून पुढचं पत्र मी स्वतः लिहून देईन.