वाचकांचे प्रश्न : नाताळ ते संक्रांत

या अंकासाठी आलेली निम्मी पत्रं एकतीस डिसेंबरबद्दल आहेत. सगळ्यांनाच एका रात्रीत काहीतरी करून दाखवायचं आहे. आपल्या बेळगाव भागात वर्ष असं एका रात्रीत पालटत नाही. पालटणं नाताळाला सुरू होतं आणि भोगी-संक्रांतीपर्यंत चालतं, मध्ये धुंधुरमास, हुरडा आणि येळ अमावस्या (शेतात नैवेद्य नेण्याचा सण) असते. तीन आठवडे हातात असताना सगळा भार एका रात्रीवर टाकायचं कारण नाही, हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलीच्या सीबीएसई शाळेला २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे. दिरांची मुलं मराठी शाळेत, त्यांना नाताळचा एकच दिवस. मुलगी नऊ दिवस मोबाईल घेऊन बसणार. गोव्याचा खर्च झेपणार नाही. काय करावं? – एक वाचक, टिळकवाडी

नऊच्या नऊ दिवस भरायला जाऊ नका. दोन दिवस बाहेर, दोन दिवस घरातलं एखादं मोठं काम (पुस्तकांचं कपाट लावणं, जुने कपडे वेगळे काढणं) आणि बाकीचे मोकळे. राज्याच्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला आणि उन्हाळ्यात असते, त्यामुळे दिरांची मुलं रविवारीच मिळतील. लांबची सहल त्या रविवारी ठेवा.

जवळची सहल २६ डिसेंबरला, तीही घराशेजारीच. १९२४ साली २६ आणि २७ डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. अधिवेशनाचं स्मारक असलेलं वीरसौध आणि अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अर्ध्या दिवसात पाहून होते. उरलेल्या वेळात किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बसदी, पाहा. तिथे मुलांना छताखाली उभं करून दगडी कमळाच्या पाकळ्या मोजायला लावा. बहात्तर भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर पुन्हा मोजायला लावा, मोबाईलची आठवण होत नाही.

लांबची सहल म्हणजे खानापूर, नंदगड, हलशी. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ ला त्यांना तिथेच फाशी दिली गेली. पुढे हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि दुसऱ्यात नरसिंह. मुलांना आधी सांगू नका, आत गेल्यावर त्यांचं त्यांना दिसू द्या. डबा आणि पाणी घरूनच घ्या. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळी खानापूर स्टँडवरच विचारून घ्या, हलशीत पोचल्यावर नव्हे. साध्या बसला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं.

प्रश्न : आमच्या गल्लीतली पोरं दरवर्षी एकतीसच्या रात्री ओल्ड मॅन (सरत्या वर्षाचा बाहुला) जाळतात. गेल्या वर्षी तो निम्मा जळला, उरलेला रात्रभर धुमसत राहिला, आणि एकाचा हात भाजला. बंद करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही. नीट करायची काही पद्धत आहे का? – गल्लीतले एक पंच, बेळगाव

बंद करायचं कारण नाही. कॅम्पातून गल्लोगल्ली पसरलेली ही बेळगावची खास रीत आहे. घोटाळा बहुतेक वेळा बांधणीत होतो.

उंची पाच फुटांपेक्षा जास्त नको. कण्यासाठी साडेपाच-सहा फुटांचा वेळू, त्याला छातीच्या उंचीवर आडवी काठी, बांधायला सुतळी. तार वापरू नका, जळून गेल्यावर ती रस्त्यात पडून राहते आणि सकाळी पायात नाहीतर टायरमध्ये जाते. वेळूचं खालचं टोक वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात रोवायचं. कपडे सुतीच. टेरिकॉटचा शर्ट नुसता जळत नाही, वितळतोही, आणि त्याचे पेटते थेंब खाली गळतात. हात भाजतात ते बहुतेक असेच. मुखवटा कागदाचा, डोकं म्हणजे रद्दी भरलेली कापडी पिशवी. डोकं जड झालं की बाहुला पेटल्यावर पुढे कलतो, आणि पुढेच बघणारे उभे असतात.

भरायला भाताचं पिंजर, चार-पाच पेंढ्या पुरतात. पाय घट्ट भरा, पोट आणि छाती सैल. तुमचा ओल्ड मॅन धुमसला तो इथेच. पिंजर ठासून भरलं की आत हवा राहत नाही, वरचं कापड जळून जातं आणि आतला गठ्ठा सकाळपर्यंत धूर सोडत राहतो. दुसरं कारण दव. डिसेंबरात रात्री नवानंतर बाहेर ठेवलेलं पिंजर ओलं होतं. बारापर्यंत ताडपत्री टाकून ठेवा.

पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ आधी पसरते आणि काडी ओढणाऱ्यालाच धरते. पायाशी कापराच्या आठ-दहा वड्या ठेवा आणि वारा पाठीवर घेऊन लांब काठीच्या टोकाने पेटवा. पोटात फटाके भरायची हौस असते, पण ते पेटतं पिंजर उडवतात. फटाके वेगळे लावा. नाताळ आणि नववर्षाच्या रात्री त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ११.५५ ते १२.३० ही वेळ ठरवून दिली आहे.

जागा निवडताना आधी वर बघा, विजेची तार आहे का, मग गाड्या. चारी बाजूंनी वीस फूट मोकळं हवं. डांबरावर जाळलं तर रस्ता मऊ होऊन खड्डा पडतो, म्हणून खाली जुना पत्रा आणि त्यावर चार बोटं माती. पाण्याच्या दोन आणि वाळूच्या दोन बादल्या आधीच भरून ठेवा. विझवायला एकाची नेमणूक करा, शक्यतो न प्यालेल्याची. मुखवटा गल्लीतल्या कुणासारखा काढू नका. या एका कारणावरून नव्या वर्षाची पहिली भांडणं होतात.

सोडायच्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घालायची टूम आहे. घालायला हरकत नाही. मात्र ‘राग’, ‘आळस’ असलं लिहिलेलं जळून काही होत नाही. ‘जेवताना फोन’ असं हाताला लागेल ते लिहा.

प्रश्न : एकतीसची रात्र आम्हाला दोघांनाही नको वाटते. पण मुलं, सुना, नातवंडं धरून बारा जण घरी असतील. एक तारखेला सकाळी धुंधुरमासाचं जेवण करावं असं मनात आहे. सून म्हणते बाजरीच्या भाकऱ्या जमत नाहीत. – एक वाचक, शहापूर

बेत उत्तम आहे. धुंधुरमास म्हणजे सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, त्यामुळे एक जानेवारी बरोबर मध्ये येते. हे जेवण सूर्योदयाच्या आत करायचं, आणि बेळगावात त्या दिवशी सूर्योदय सातच्या आसपास असतो. साडेसहाला पानं मांडायची तर सव्वापाचला चूल पेटली पाहिजे, आणि साडेदहाला सगळे झोपले पाहिजेत. ही दुसरी अट घरात आधीच जाहीर करा, नाहीतर जेवायला तुम्ही दोघंच बसाल.

माणशी दोन धरून चोवीस भाकऱ्या. पीठ दोन किलो. बाजरी आठवड्याच्या आतच दळलेली हवी. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, दळल्यावर तो हवेला उघडा पडून खवट होतो आणि भाकरी कडू लागते. सुनेला जमत नसेल तर आधी पिठाचा डबा हुंगून बघा, दोष तिथेच निघायची शक्यता जास्त.

बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही, तो गरम पाण्याने आणावा लागतो. एका वेळी दोन भाकऱ्यांचंच पीठ घ्या, मध्ये खळगा करून कढत पाणी ओता, उलथन्याने कालवा, मिनिटभर झाका, मग तळहाताने रगडून मळा. मळलेला गोळा ठेवून दिला की थापताना कडा फाटतात. वरून तीळ पसरून बोटांनी दाबून बसवा, सुटे राहिले तर तव्यावर जळतात आणि पुढच्या भाकरीला काळे डाग पडतात. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पाणी सुकता सुकता उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटली तर पापुद्र्याला तडे जातात आणि फुगत नाही. मध्यभागी जाड राहिली तरी फुगत नाही. एका तव्यावर चोवीस भाकऱ्यांना तास जातो, म्हणून दोन तवे आणि दोन माणसं. नातवंडांतल्या एखाद्याला तिळावर बसवा.

बाकीचं सोपं आहे. खिचडीला अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो सालीची मूगडाळ. डाळ कोरडी भाजून घ्यायची, पाणी मापाच्या चौपट. वांगी आदल्या संध्याकाळी भाजून सोलून ठेवा. लोणी, गूळ, तिळाची चटणी. भाजीत आपल्याकडची गाजरं, ओला हरभरा, वालपापडी घातली की भोगीची रंगीत तालीमही होते.

जेवण झाल्यावर, फोन हातात यायच्या आत, नवी दिनदर्शिका आणि पेन्सिल फिरवा. प्रत्येकाने एकच काम एका तारखेच्या चौकोनात लिहायचं. ‘आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं’ चालेल. ‘घरच्यांना वेळ देणं’ चालणार नाही, त्याला चौकोन सापडत नाही.

प्रश्न : वय ४६, रक्तातली साखर काठावर आहे. दरवर्षी एक जानेवारीपासून पहाटे पाचला चालायचं ठरवते, दहा तारखेपर्यंत संपतं. इच्छाशक्ती कशी वाढवायची? – एक वाचक, निपाणी

इच्छाशक्तीला दोष देऊ नका, वेळ चुकीची निवडली आहे. वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्यात, अंधारात, धुक्यात निघायचं तुम्ही ठरवताय. त्यापेक्षा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर त्या चालण्याने कमी चढते, तुम्हाला हवंय तेही तेच. साखरेच्या गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट, नवं काम जुन्या कामाला बांधा. ‘रोज चालेन’ असं नको. ‘ताट घासायला टाकलं की चपला घालेन’ असं ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हे मांडलं: अमुक झालं की मी तमुक करेन, असं आधीच जोडून ठेवलं की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

किती दिवस? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एक जानेवारीपासून मोजलं तर सहासष्टावा दिवस ७ मार्चला येतो. म्हणजे दहा जानेवारीला तुम्ही ज्याला अपयश म्हणता, तो सुरुवातीचा सहावा हिस्साही नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. फक्त लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नका.

तुमचा खरा घात संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवात आहे. रोज दोन घरं, दोन्हीकडे तिळगूळ, नाही म्हणणं वाईट दिसतं. नाही म्हणूच नका. पर्समध्ये छोटी डबी ठेवा, घ्या, गोड बोला, डबीत टाका. आठवड्याची जमलेली डबी शेतावरच्या किंवा घरकामाच्या बाईंच्या मुलांना द्या. घरी ठेवली तर रात्री तुम्हीच खाल.

प्रश्न : शेती अथणी तालुक्यात. शहरातले पंधरा पाहुणे हुरड्याला येणार म्हणतायत. गेल्या खेपेला निम्मी कणसं कोवळी निघाली. – एक शेतकरी वाचक

तारीख पाहुण्यांनी ठरवली, इथेच चुकलं. शाळूचा दाणा नखाने दाबल्यावर पातळ दूध आलं तर अजून आठवडाभर थांबा. घट्ट, पिठासारखं आलं तर दोन-चार दिवसांत उरका. कट्ट वाजला तर वेळ गेली. एकाच रानात चढ-उताराप्रमाणे फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी फिरून पक्व पट्ट्याला खूण करा. माणशी पाच-सहा कणसं धरून नव्वद, वर दहा मुलांच्या वाया घालवण्यासाठी.

आगटी फूटभर खोल, शेणीची. ज्वाळा खाली बसून निखारा फुलल्यावरच कणसं टाका, नाहीतर वरचं तूस जळून आत दाणा कच्चा राहतो. फिरवत दोन-तीन मिनिटं, आणि गरम असतानाच चोळायचं. निवलं की दाणा सुटत नाही. म्हणून चोळणारे दोघं-तिघं हाताला सवय असलेले हवेत, पाहुण्यांच्या हाताला फोड येतात. शेवटची फवारणी कधी झाली ते आठवा आणि औषधाच्या वेष्टनावर काढणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात ते पाळा. शंका असेल त्या पट्ट्यातली कणसं नकोत.

येळ अमावस्या जवळ असेल तर पाहुण्यांना तेव्हाच बोलवा. चरग (नैवेद्याचं अन्न) शिंपडायला घर शिवारात जातंच, कडबू, शेंगापोळी, भरली वांगी होतातच. निराळा घाट घालावा लागत नाही.

प्रश्न : पुण्याहून चौघं नाताळात बेळगावला यायचंय. लॉज मिळत नाही, गाडी फुल्ल. – एक वाचक

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा शहरातली लॉजं भरलेली असतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या टाळून खोली ठरवा, किंवा खानापूर, निपाणीकडे बघा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ डिसेंबरचं २५ ऑक्टोबरला. ते हुकलं असेल तर आदल्या दिवशी तत्काळ, एसीला सकाळी दहा आणि बिगर-एसीला अकरा वाजता. ऑनलाइन काढायचं तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं, ते आजच करून ठेवा. आणि ३० किंवा ३१ ला चोर्ला घाटातून गोव्याकडे ‘सहज जाऊन येऊ’ हा बेत नकोच.