आनुवंशिक जठरकर्करोगात मायक्रोआरएनएची चाचणी करून घ्यावी का?

तुमच्या आईच्या वडिलांना जठराचा कर्करोग होता, आता ४५ वर्षांच्या मावशीलाही तोच झाला असून तिच्यावर बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) उपचार चालू आहेत. अशा वेळी जाहिरातीत वाचलेली मायक्रोआरएनएची (जनुकांच्या कामाला आवर घालणाऱ्या चिमुकल्या रेणूंची) रक्तचाचणी तुम्ही करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही, गोव्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतो. तरीही ही चाचणी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही, हे ठामपणे सांगू शकतो.

वारशाने येतो तो जनुकातील दोष. जठरकर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण १ ते ३ टक्क्यांचाच आजार खऱ्या अर्थाने आनुवंशिक असतो आणि त्यातील सर्वांत परिचित प्रकाराच्या मुळाशी सीडीएच-१ हे जनुक आहे, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी दाखवले. या जनुकापासून ई-कॅढेरिन हे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन बनते. ते नाहीसे झाले की पेशी सुट्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी श्लेष्म्याने फुगलेली आणि केंद्रक एका कडेला चेपलेली, म्हणजे खड्याच्या अंगठीसारखी दिसते; या पेशी गाठ न करता, वरचे अस्तर धडधाकट असताना, त्याच्या आत एकेकट्या विखुरतात आणि म्हणूनच एण्डोस्कोपीत सहज निसटतात.

मात्र दोष घेऊन जन्मलेल्या व्यक्तीकडे या जनुकाची दुसरी, चांगली प्रत असतेच. ती कशी बंद पडते, या प्रश्नापाशी मायक्रोआरएनएचा संबंध येतो. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या साखळीतील कड्यांचे) हे रेणू स्वतः प्रथिन बनवत नाहीत. ते जनुकाचा संदेश नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनणे रोखतात. (त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.) त्यांपैकी मिर-२०० हे कुटुंब झेब-१ आणि झेब-२ या प्रथिनांना आवर घालते. हीच दोन प्रथिने सीडीएच-१ ला गप्प करतात. म्हणजे मिर-२०० घटले की झेब वाढते, झेब उलट मिर-२०० लाच दाबते, आणि ई-कॅढेरिन आणखी कमी होते. मिर-९ हा दुसरा मायक्रोआरएनए तर थेट ई-कॅढेरिनच्याच संदेशावर बसते. मला ही साखळी अतिशय महत्त्वाची वाटते, कारण एकाच घरातील दोष असलेल्या सगळ्यांनाच कर्करोग का होत नाही, याचा एक धागा तिच्यात असू शकतो. पण हे पुरावे बहुतांशी प्रयोगशाळेतील पेशींवरून आणि आनुवंशिक नसलेल्या गाठींवरून आलेले आहेत. शिवाय रक्तातील मायक्रोआरएनएचे प्रमाण साध्या दाहानेही बदलते, त्यामुळे त्या आकड्यावरून तुम्हाला वारसा मिळाला की नाही हे ठरत नाही.

आपल्याकडे असा आजार झाला की खाऱ्या मासळीला आणि फेणीला बोल लावून विषय मिटवला जातो. अतिखारट खाणे, दारू आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जीवाणू धोका वाढवतात हे खरेच आहे. पण त्या समजुतीपायी घराण्याचा इतिहास विचारायचा राहून जाऊ नये.

तेव्हा आधी मावशीचा बायोप्सी अहवाल काढा आणि त्यात ‘डिफ्यूज’ (विखुरलेला) किंवा ‘सिग्नेट रिंग सेल’ (वर सांगितलेली अंगठीसारखी पेशी) हे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर ५० वर्षांच्या आतील अशा एका रुग्णावरूनही सीडीएच-१ ची तपासणी सुचवली जाते. घरात कोणा स्त्रीला स्तनाचा लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला) कर्करोग झाला होता का, हेही विचारून ठेवा, कारण तोही याच दोषाशी जोडलेला आहे. जनुकीय सल्ल्याची सोय असलेल्या कर्करोग रुग्णालयात हे सगळे घेऊन जा आणि तपासणी प्रथम मावशीचीच होऊ द्या. तिच्यात दोष सापडला, तर तेवढाच नेमका दोष तुमच्या आईत शोधता येतो. आईत तो असण्याची शक्यता निम्मी असते, आणि आईत नसेल तर या बाजूने तो तुमच्यात येऊच शकत नाही.