तिसरा रकाना

सप्रेम आशीर्वाद.

आधी एक काम कर. पत्र बाजूला ठेव आणि सुपरवायझरना फोन लाव. समाजकार्याच्या फील्डवर्कमध्ये तू ज्या बाईंना भेटतेस, त्या तुझ्या प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीतल्या संवादाच्या लेखी नोंदीत, म्हणतात, ‘आता जगून तरी काय करायचं?’ आणि पुढच्याच ओळीत तू मुलांच्या शाळेबद्दल विचारतेस. हे त्यांना आजच कळायला हवं.

केलास फोन? मग पुढचं वाच.

प्रोसेस रेकॉर्डिंग परत आलं म्हणून तू हिरमुसलीस. मीही ते परतच केलं असतं. ‘क्लायंटला भावनिक आधार दिला’ म्हणजे नेमकं काय केलंस? त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिही, मग तुझं, आणि तिसऱ्या रकान्यात त्या क्षणी तुझ्या मनात काय झालं ते. विषय तू बदललास, बहुधा घाबरून. तसं लिही ना! सुपरविजन त्यासाठीच असतं. तिसरा रकाना कोरा ठेवलास तर त्यांनी शिकवायचं कशावर? फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतच्या समाजकार्याच्या, नात्याची सात तत्त्वं तू परीक्षेत घडाघडा लिहिशील. त्यातलं ‘नियंत्रित भावनिक सहभाग’, म्हणजे समोरच्याचं दुःख समजून घेतानाही स्वतःच्या भावना ताब्यात ठेवणं, हे तत्त्व मात्र या रकान्यातच अंगी मुरतं.

असं वाक्य पुन्हा कानावर आलं तर आडवळणं नकोत. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचार. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट माणसाला बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, हेही विचार. त्यांना एकटं सोडू नकोस आणि तिथूनच सुपरवायझरना बोलावून घे.

‘कोणालाही सांगणार नाही’ हा तू दिलेला शब्द तुझ्या हातातला नव्हता. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. आता पुढच्या भेटीत सांग. फील्डवर्क कधी संपतंय तेही सांगून टाक. शेवटच्या आठवड्यात कळलं तर त्यांना ते टाकून जाणंच वाटेल.

आणि हो, रेकॉर्डिंग मला पाठवायलाच नको होतंस. त्यात बाईंचं आडनाव तसंच होतं. माझ्याकडची प्रत मी फाडून टाकली आहे. तू पाठवल्याचं सुपरवायझरना सांग. पुढच्या वेळी मला नुसता प्रश्न लिही.